दुपट्यावरचा रस्ता

मास्तरांची बायको गेली ते सगळ्यांना त्याच दिवशी कळलं. पण तिच्याबरोबर आणखी काय गेलं ते कळायला मावशी खाली यावी लागली.

मावशी म्हणजे वरच्या मजल्यावरची. नात्याने कोणाचीच कोणी नाही. मास्तरांच्या बायकोची जिवाची मैत्रीण, म्हणून पोरांची मावशी. डोळ्याच्या ऑपरेशनमुळे तिला कित्येक दिवस सुई धरायची बंदी होती. मैत्रिणीला निरोप द्यायला आली तेव्हाही एका डोळ्यावर हिरवी पट्टी आणि त्यावर काळा चष्मा, असाच अवतार होता. आज ती पहिल्यांदा नवा चष्मा लावून जिना उतरली, खिडकीजवळच्या टेबलाशी आपल्या उजव्या खुर्चीत बसली, बोटात अंगुस्तान चढवलं आणि म्हणाली, "आण गं सूनबाई, आमचं राहिलेलं. परवा बाळ घरी येतंय ना?"

मास्तरांच्या थोरल्या मुलाच्या बायकोने कपाटातून दुपटं आणून दिलं. मावशीने ते उलगडलं, त्यावरून हात फिरवला. मग खिडकीकडे धरलं. चष्मा काढून बघितलं, परत लावून बघितलं.

"हे धुतलंय कोणी?"

"मी," सून म्हणाली. "बाळासाठी म्हणून. साध्या साबणात, हलक्या हाताने. का, डाग राहिला का कुठे?"

"डाग राहिला असता तर बरं झालं असतं," मावशी म्हणाली.

दाराशी वर्तमानपत्र वाचत बसलेले मास्तर उठून आले. दुपट्याचा उजवीकडचा खालचा कोपरा पांढरा स्वच्छ होता. त्यावर आधी निळ्या खडूने काढलेलं चित्र होतं. आता तिथे नुसतं कापड होतं.

मास्तर म्हणजे कापणारे मास्तर, शिकवणारे नव्हेत. गणवेश शिवायच्या कारखान्यात त्यांनी आयुष्यभर कापड कापलं. नर्सचं पांढरं, पहारेकऱ्यांचं करडं, शाळेचं गडद निळं, टपालवाल्यांचं खाकी. थरावर थर रचायचे, वरच्या थरावर निळ्या खडूने आखायचं आणि रेघेवरून कापत जायचं. उरलेल्या चिंध्या आणि झिजलेले खडू ते पिशवीतून घरी आणत. "तुमचं संपतं तिथे आमचं सुरू," बायको म्हणायची. मग ती आणि मावशी त्यातून लहान मुलांची दुपटी करायच्या. मधे नर्सच्या कापडाचं पांढरं, कडेला बाकीच्या गणवेशांच्या पट्ट्या, आत कापसाचा पातळ थर, खाली जुन्या चादरीचं मऊ अस्तर. आणि पांढऱ्यावर भरतकाम.

चित्र काढायची बायको. भरायच्या दोघी. बायको डावखुरी, म्हणून ती डावीकडे बसायची आणि मावशी उजवीकडे. कोपराला कोपर कधी लागला नाही. डावा अर्धा भाग हिचा, उजवा तिचा. दोघींच्या मधे एकच दुपटं आणि गप्पा मात्र दहा घरच्या.

खडूच का, पेन्सिल का नाही, असं एकदा लेकीने विचारलं होतं. तर आई म्हणाली, "पेन्सिल राहते. रेघ मागे राहिली तर टाक्याने केलं काय?" पूर्ण झालं की ती दुपटं स्वतः धुवायची. पाण्यात खडू जायचा आणि दोरा उरायचा. त्या घरात दुपटं धुतलं याचा अर्थ दुपटं झालं.

"काय होतं तिथे?" सुनेने विचारलं. तिचा आवाज खाली गेला होता.

"मला कुठे माहीत? मी वर पट्टी बांधून पडलेली. ती म्हणाली, तू बरी हो, तुझ्या बाजूचं मी आखून ठेवते. आखलं तिने. मी बघितलंच नाही." मावशी वळली. "भाऊजी, तुम्ही तर तिच्याजवळ बसून होतात. काय काढलं होतं तिने?"

मास्तर दुपट्याकडे बघत राहिले. तो दिवस त्यांना चांगला आठवत होता. उशीला टेकलेली ती, मांडीवर पाट, पाटावर दुपटं, डाव्या हातात खडूचा तुकडा.

"मी तिचा हात बघत होतो, वहिनी. रेघ नाही बघितली."

"हात?"

"थरथरतो का ते. डॉक्टर म्हणाले होते, आता थरथरेल."

"मग?"

"नाही थरथरला," मास्तर म्हणाले. पोरगा पहिला आला हे बाप चारचौघांत सांगतो, तसे त्यांनी ते सांगितलं. "सगळं आखून होईपर्यंत नाही."

"थरथरेल कशाला," मावशी म्हणाली. "तिच्या हातात खडू होता." आणि तिने चष्मा पुसायला घेतला.

*

चहाच्या वेळेपर्यंत बातमी सगळ्यांना लागली होती. लेक नकाशे काढायच्या कचेरीतून तशीच आली, खांद्यावर नकाशांची लांब नळी घेऊन. थोरला बसच्या डेपोतून आला, अंगात खाकी तसंच. अक्का, म्हणजे मास्तरांची मोठी बहीण, घरातच होती. भावाला सांभाळायला म्हणून ती येऊन राहिली होती आणि सगळ्या घरालाच सांभाळत होती.

टेबलावर दुपटं पसरलेलं होतं. त्याच्याभोवती सगळे उभे होते. थोरल्याची मुलगी हॉस्पिटलमध्ये होती, तिला मुलगी झाली होती. मास्तरांना पहिलीच पणती. या घरातलं प्रत्येक मूल पहिल्यांदा घरात आलं ते आपल्या दुपट्यावर निजलं होतं. हे दुपटं त्या पणतीचं होतं, आणि बायकोच्या हातचं शेवटचं.

"वहिनी, एक शब्द विचारायचा तरी!" लेक म्हणाली. "मला फोन केला असतास. मावशीला हाक मारली असतीस. मावशी काय दुसऱ्या गावाला राहते?"

"तिने काय मुद्दाम केलं?" थोरला म्हणाला.

"मुद्दाम केलं असं कोण म्हणतंय? दादा, तू ना, तिची बाजू घ्यायला बसच्या आधी पोचतोस."

"बस वेळेवरच पोचते. तू उगाच..."

"अरे, एवढं काय त्यात!" अक्का मधे पडली. "चौकात मशीनवर भरतकाम करून देणारा आहे ना? त्याच्याकडे द्या. म्हणावं, कोपऱ्यात एक फूल टाक. फूल सगळ्यांनाच चालतं."

"आत्या, आईने आयुष्यात फूल काढलं नाही."

"म्हणून तर म्हणते. एक असू दे."

थोरल्याला हसू आलं, ते त्याने खोकून लपवलं. सून मात्र हसली नाही. ती मघापासून भिंतीला टेकून उभी होती. आता पुढे आली.

"बोला मला. माझंच चुकलं. पण मी कशामुळे फसले तेवढं तरी बघा." तिने दुपटं उचललं. आतली बाजू बाहेर घेतली, आडवी घडी, उभी घडी, आणि सुटा कोपरा आत खोचला. हातात बंद पाकिटासारखं झालं. "हे अस्सं होतं. ही कुठली घडी?"

घडी सगळ्यांच्या ओळखीची होती. पूर्ण झालेल्या दुपट्याची. अर्धं दुपटं नुसतं गुंडाळून टोपलीत टाकलेलं असायचं.

"ही घडी कोणी घातली?" मावशीने विचारलं.

"आईंनीच. मी औषध द्यायला गेले तर घालत होत्या. घातली आणि माझ्या हातात दिली. काही बोलल्या नाहीत. मी म्हटलं, झालं असेल. मी उघडूनसुद्धा बघितलं नाही, बादलीत घालेपर्यंत. आणि बादलीत घातल्यावर निळं पाणी तर दर वेळी यायचंच."

मावशीने घडी हातात घेतली. खोचलेला कोपरा बाहेर काढला, पुन्हा आत खोचला.

"मग हिचं काय चुकलं?" ती लेकीला म्हणाली. "ही घडी बघून मीसुद्धा बादलीत घातलं असतं. तूसुद्धा. तिच्यावर कशाला तोंड टाकतेस?"

मास्तरांनी सुनेकडे बघितलं. लग्न होऊन आल्यापासून मावशी पहिल्यांदाच तिच्या बाजूने बोलली होती.

"तिची बाजू संपली होती, म्हणून घडी घातली तिने," मावशी आता कोणालाच उद्देशून बोलत नव्हती. "स्वतःची बाजू संपली की दुपटं संपलं का? आणि मी? मी काय वर झोपा काढत होते? थांबायचं तरी जरा माझ्यासाठी. सगळ्यात घाई. भाजी आणायला घाई, जिना चढायला घाई..."

ही वेळ गप्प बसायची होती. पण अक्काला ते कधी जमलं नाही.

"तेच तर. जिचं काम तिनेच संपवलं. आता बाहेरच्या माणसाने त्यात सुई घालायची गरजच काय? घरचं दुपटं आहे, घरचे बघतील."

मावशीने बोटातलं अंगुस्तान काढलं. ते डबीत ठेवलं, डबी पिशवीत ठेवली आणि ती उठली. "बरोबर आहे तुमचं," असं अक्काला म्हणून ती जिना चढून गेली. दार आपटलं नाही. आपटलं असतं तर मास्तरांना बरं वाटलं असतं.

"आत्या!" लेक आणि सून एकदमच म्हणाल्या, आणि मग एकमेकींकडे बघायला लागल्या.

"काय आत्या? खोटं बोलले का मी?"

मास्तर जिन्याकडे बघत राहिले. कारखान्यात त्यांची ख्यातीच होती, मास्तर कापायच्या आधी फार वेळ बघतात. एकदा कात्री चालली की कापड परत जोडता येत नाही, असं ते म्हणायचे.

*

युक्ती लेकीला सुचली. "आई शेवट कसा करायची ते बघू या," ती म्हणाली. "सगळी दुपटी ओळीने मांडू. तिची काहीतरी पद्धत असेल. नकाशाचा एक तुकडा हरवला तर आम्ही शेजारचे तुकडे बघतो."

घरच्या मुलांची दुपटी सगळी याच घरात होती. पोरं आपापल्या संसाराला लागली तरी आईने दुपटी कोणाला नेऊ दिली नव्हती. वर्षातून एकदा ती त्यांना ऊन दाखवायची, तेही एकावर एक रचून, आणि पुन्हा कपाटात. त्यामुळे ती सगळी एका ओळीत कोणी बघितलीच नव्हती.

खुर्च्या हलवल्या. जमिनीवर धुतलेली चादर अंथरली. सर्वांत डावीकडे थोरल्याचं दुपटं. मग लेकीचं. मग थोरल्याच्या मुलीचं, लेकीच्या मुलाचं, आणि शेवटी नवं.

प्रत्येक दुपट्यावर रस्ता होता. तेवढं सगळ्यांना माहीत होतं. रस्त्यावर रोजच्याच गोष्टी. सायकल दुरुस्त करणारा आणि त्याची उलटी सायकल. शिडी खांद्यावर घेतलेला रंगारी. गळका नळ आणि त्याखाली कोणीतरी लावलेला डबा. पायरीवर मांजर. बसची वाट बघणारी माणसं, त्यातला एक जांभई देतोय. साखळी टाक्याने भरलेला रस्ता आणि बारीक धावदोऱ्याच्या भिंती. थोरला गुडघ्यावर बसून ती जांभई बघत राहिला.

"हा आमचा कंडक्टर आहे," तो म्हणाला. "म्हणजे, माझ्या जन्माआधीचा कंडक्टर. पण तोच आहे."

"थांब," लेक म्हणाली. ती ओणवी होऊन दुपट्यांच्या कडा एकमेकींना लावत होती. "दादा, बघ. माझ्या दुपट्यावरून रस्ता बाहेर पडतो तो सरळ तुझ्या मुलीच्या दुपट्यात जातो. ही पडकी भिंत अर्धी इथे, अर्धी तिथे. आणि तिथून माझ्या मुलाच्या. आणि तिथून या नव्यात. अरे देवा, हा एकच रस्ता आहे! इतकी वर्षं आईने एकच रस्ता काढला!"

मास्तर खुर्चीत बसून होते. हे त्यांना माहीत होतं. बायको गप्प राहा म्हणाली होती, म्हणून ते गप्प राहिले होते. "त्यांचं त्यांना कळू दे," ती म्हणायची. "नाही कळलं तर त्यांचे डोळे तपासून घेऊ." कळलं होतं. बघायला ती हवी होती.

"पण इथे जुळत नाही," थोरला म्हणाला. त्याच्या दुपट्याच्या कडेला दिव्याचा खांब होता, उभा अर्धा कापलेला. लेकीच्या दुपट्याच्या सुरुवातीला खांब नव्हताच. पुलाचा कठडा होता, तोही अर्धा. "खांबातून पूल कसा निघेल?"

"विसरली असेल," अक्का म्हणाली. "मधे वर्षंही बरीच गेली होती."

"ती विसरायची नाही," मास्तर म्हणाले. सगळ्यांनी वळून बघितलं. "मधलं वरच्या मजल्यावर आहे."

*

मावशीचं दार लोटलेलंच होतं. ती स्वयंपाकघरात धुतलेलीच भांडी पुन्हा धूत होती.

"तुम्ही आलात ते बरं केलंत," ती पाठमोरीच म्हणाली. "पण अक्कांच्या वतीने माफी मागायला आला असाल तर परत जा. त्यांची त्या मागतील. सात जन्मांनी मागतील."

"माफी मागायला नाही आलो. मुलाचं दुपटं मागायला आलोय."

मावशीने नळ बंद केला. तिचा मुलगा जहाजावर स्वयंपाकी होता, कधीतरी यायचा, आला की मास्तरांच्या घरीच जास्त बसायचा. थोरला आणि लेक यांच्यामधला तो.

"माझ्या मुलाचं का हवंय?"

"मांडलीत सगळी ओळीने. खांबापाशी अडलेत."

"अडू देत की."

"वहिनी, तिने तुम्हाला बाहेर काढलं नाही. मी कसा काढू?"

मावशी हात पुसत उभी राहिली. "भाऊजी, एक सांगू? मला राग अक्कांचा नाहीये. त्यांचं तोंडच तसलं. मला राग तुमच्या बायकोचा आहे. मला न विचारता घडी घातली."

"मलाही न विचारता घातली," मास्तर म्हणाले.

मावशीने त्यांच्याकडे बघितलं, आणि कितीतरी दिवसांनी ती हसली. "ते एक खरं. घरात कोणाला कधी विचारलं तिने?" मग ती आत गेली आणि पाकिटासारखी घडी घेऊन बाहेर आली.

*

दुपटं मधे ठेवायला थोरल्याने आणि लेकीने बाकीची सगळी उजवीकडे सरकवली. मावशीने स्वतः ते उलगडलं आणि कड कडेला लावली. दिव्याचा खांब पूर्ण झाला. खांबाखाली शिंप्याचं दुकान होतं, दुकानात खडू कानावर लावलेला माणूस होता, आणि त्याच्या पुढे पूल सुरू होत होता. पुलाचा कठडा लेकीच्या दुपट्यात गेला आणि रस्ता थोरल्याच्या दुपट्यापासून नव्या दुपट्यापर्यंत न तुटता गेला.

"हे बाबा आहेत," लेक म्हणाली. "खडू कानावर. मावशी, बाबा तुमच्या दुपट्यावर? आमच्या एकाही दुपट्यावर नाहीत!"

"तुमच्या घरात ते रोज होते," मावशी म्हणाली. "माझ्या पोराला बाप नव्हता. ती म्हणाली, कापड ज्याचं तो माणूस याच्या दुपट्यावर असू दे."

सून चादरीच्या कडेला उकिडवी बसली होती, तिने हात लांब करून त्या खडूवर बोट टेकवलं.

अक्काही बघत होती. ती ओळीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत चालत गेली आणि परत आली. तिच्या मुलाचं दुपटं या ओळीत कुठेच नव्हतं. बायकोने तेव्हा विचारलं होतं, तर "माझं बाळ चिंध्यांवर निजणार नाही," असं अक्का म्हणाली होती. ते सगळ्यांना माहीत होतं आणि आजपर्यंत कोणी तो विषय काढला नव्हता.

"अक्का," मावशी म्हणाली, "हो म्हणाला असतात, तर रस्ता तुमच्याही दारावरून गेला असता."

अक्काने तोंड उघडलं, मग मिटलं. मग म्हणाली, "या मांजराचं शेपूट जरा लांब झालंय."

"ते मी भरलंय," मावशी म्हणाली.

"तेच म्हणते मी. छान झालंय. लांब, पण छान." एवढं बोलून अक्का चहा टाकायला आत गेली. त्या घराला अक्काकडून इतकी माफी कधी मिळाली नव्हती. मावशीने ती दोन्ही हातांनी घेतली. म्हणजे "साखर कमी घाला हो माझ्यात," अशी आत हाक मारली.

*

आता प्रश्न शेवटच्या कोपऱ्याचा उरला.

नव्या दुपट्यावर रस्ता होता, रस्त्याकडेला बांधकामाचं घमेलं घेऊन जाणारी बाई होती, टपालपेटी होती, तिच्या तोंडात अडकलेलं मोठं पाकीट होतं. डावा भाग पूर्ण, उजव्याचा वरचाही पूर्ण. खाली रस्ता एक वळण घेत होता, आणि वळण घेता घेता संपत होता. पुढे पांढरं.

"पद्धत काहीच नाही," लेक म्हणाली. "कधी वरून बाहेर पडतो, कधी मधून, एकदा तर जिन्यावरून. आईने ठरवून काही केलेलंच नाही."

"घर सोडून कुठेही जायची," मावशी म्हणाली. "कापडावर. एरवी कोपऱ्यावरच्या दुकानापलीकडे जायची नाही."

"तू काढ," थोरला बहिणीला म्हणाला. "तुला येतं. आईचा हात तुलाच आलाय."

मास्तर उठले. टेबलाच्या खणातून त्यांनी बायकोचा निळा खडू आणला. एका बाजूने झिजून तो नखाएवढा झाला होता. त्यांनी तो लेकीला दिला. लेक कोपऱ्याशी बसली. खडू टेकवला, थोडा वेळ थांबली, आणि उचलला.

"नाही जमत. माझ्या हाताला मोजपट्टी लागते, बाबा. मी काढला तर सरळ जाईल, मोजून. शिवाय मला खरंच माहीत नाही कुठे जातो ते. खोटा रस्ता काढायची मला नोकरीत बंदी आहे."

"मावशी, तुम्ही?" सून म्हणाली.

"मी जन्मात रेघ ओढली नाही. ती काढायची, मी भरायची. काय काढते ते विचारायचं नाही, कसं भरते ते तिने विचारायचं नाही. म्हणून तर टिकलो." मावशीने लेकीच्या हातातला खडू घेतला आणि मास्तरांच्या हातात परत ठेवला. "राहू दे सध्या. बाळ येऊ दे. बाळाला कोपरा लागत नाही, त्याला ऊब लागते."

"अर्ध्या दुपट्यावर घालायचं?" अक्का कप घेऊन येता येता म्हणाली. "लोक काय म्हणतील?"

"लोकांना ओळीत उभं करून दाखवू," मास्तर म्हणाले. त्यांचा आवाज त्यांनाच मोठा वाटला. "हे सगळं दाखवू. मग म्हणू देत काय म्हणायचं ते. असा रस्ता कोणाच्या घरात आहे?"

*

बाळ आलं. रिक्षातून उतरताना नातीने विचारलं, "आजीचं दुपटं आहे ना?" आणि सगळे एकदमच हो म्हणाले. तिला आत नेलं, जमिनीवर मांडलेली ओळ दाखवली, आणि ओळीच्या शेवटी बाळाला निजवलं. बाळाने दोन्ही मुठी वर केल्या, डोळे उघडले, बंद केले, आणि दुपटं ओलं केलं.

सून धावली. दुपटं उचलून मोरीकडे निघाली आणि दारातच थांबली. वळून तिने मावशीकडे बघितलं.

"धू गं, धू," मावशी म्हणाली. "आता काय जायचं राहिलंय त्यातून?" आणि सगळं घर हसलं. सूनसुद्धा हसली. धुण्याची ती गोष्ट निघाल्यापासून पहिल्यांदा.

आता रोज दुपारी मावशी पुन्हा खिडकीच्या टेबलाशी येऊन बसते. सुनेला तिने बोलावून घेतलंय. डाव्या खुर्चीत बसवलंय. सून उजव्या हाताची, त्यामुळे टाका घातला की तिचा कोपर मावशीच्या कोपराला लागतो. "सरक," मावशी म्हणते. ती सरकते, पुन्हा लागतो. "अगं किती जागा लागते तुला! बस चालवतेस का तूही?" शेवटी सुनेने दुसरी खुर्ची आणून समोरच्या बाजूला मांडली. डावी खुर्ची भिंतीला लावून ठेवली आहे. सध्या सून चिंधीवर साखळी टाका शिकते. कड्या लहानमोठ्या येतात. मावशी उसवायला लावते आणि सून उसवते.

कोणी घरी आलं की मास्तर स्वतः कपाट उघडतात आणि दुपटी ओळीने मांडतात. मधलं आणायला वर जातात. खांब कुठे जुळतो, पूल कुठे सुरू होतो ते बोटाने दाखवतात. ही डाव्या हाताची बाजू, ही उजव्या हाताची, असं सांगतात. शेवटच्या दुपट्यापाशी आले की हात थरथरला नव्हता, हे न विचारता सांगतात.

खडू त्यांच्या खिशात असतो. कोपरा अजून कोरा आहे. वळणानंतर रस्ता कुठे जातो ते काढायचं राहिलंय, आणि ते कोणी काढायचं, हेही ठरायचं राहिलंय.